उपद्रव व मालमत्ता निगा उपविधी : नुसता दंड वाढवून भागेल का? सूचना लिहायला मदत हवी

ओसरी

आमच्या महापालिकेने सार्वजनिक उपद्रव आणि मिळकतींची निगा यांबद्दलच्या जुन्या उपविधींचा, म्हणजे पालिकेच्या स्थानिक नियमांचा, सुधारित मसुदा काढला आहे आणि नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या आहेत. आमच्या गल्लीने मिळून लेखी सूचना द्यायचं ठरवलं आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, चर्चा एका कार्यालयावर घसरायला नको. मधोमध जुनी पेठ आणि भोवती नव्या कॉलन्या असं पश्चिम महाराष्ट्रातलं कुठलंही शहर डोळ्यांपुढे आणा.

मसुदा दोनदा वाचला. बहुतेक पानं तक्त्यांची आहेत. थुंकणं, कचरा टाकणं, राडारोडा, रस्त्यावर गाडी धुणं, बेवारस वाहन, आणि प्रत्येकापुढे जुना दंड, नवा दंड. मिळकतीच्या निगेवर जेमतेम दीड पान, आणि त्यातही "मालकाने मिळकत सुस्थितीत ठेवावी, अन्यथा तो दंडास पात्र राहील" हेच फिरून फिरून.

आता आमच्या शेजारची परिस्थिती सांगते. आमच्या भिंतीला भिंत लागून एक बंद वाडा आहे. पहिल्या मजल्याच्या तुळईचं टोक भिंतीबाहेर आलंय, त्याला हात लावला तर भुसा हातात येतो. पन्हळ तुटल्यामुळे पागोळ्यांचं सगळं पाणी आमच्या भिंतीत मुरतं. विटांच्या सांध्यांतून पिंपळ उगवलाय, त्याची मुळं आता मनगटाएवढी झाली आहेत आणि वरचा कोपरा गल्लीच्या बाजूला फुगलाय. त्याच गल्लीतून पोरं शाळेत जातात. दर वर्षी मे महिन्यात एक माणूस येतो आणि दारावर 'धोकादायक इमारत' अशी नोटीस डकवून जातो. आधीच्या वर्षीची नोटीस खाली तशीच असते. नाव असतं वाड्याच्या मूळ मालकांचं, आणि ते जाऊन कितीतरी वर्षं झाली. वारस बरेच, कोणी डोंबिवलीत, कोणी बडोद्याला, आपसात दावा चालू.

या वाड्याला नवा वाढीव दंड लावा, नाहीतर त्याच्या दसपट लावा. तो भरणार कोण? माझं मत असं की दंडाची रक्कम हा या मसुद्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. नोटीस कोणाला पोचते, मुदत संपल्यावर पालिका स्वतः काय करते आणि त्याचा खर्च कुठून वसूल होतो, हे तीन प्रश्न सुटले नाहीत तर उपविधी नवे असोत की जुने, गल्लीत काही बदलत नाही.

जाणकारांनी लिहावं. विशेषतः पालिकेत काम केलेल्यांनी.

निवृत्त कनिष्ठ अभियंता

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न बरोबर जागी आहेत. मी बांधकाम विभागात नोकरी केली, त्यामुळे आतून जे दिसलं ते लिहितो.

धोकादायक बांधकामासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम 264 आहे. आमच्या पिढीच्या तोंडी अजून 'बीपीएमसी ॲक्ट'च बसलाय, पण कायदा तोच, 1949 चा. इमारत रिकामी करून घ्यायला कलम 268. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक तपासणीचं प्रमाणपत्र द्यायला लावणारं 265 अ. पाहणीनंतर इमारतीची वर्गवारी होते. सी-1 म्हणजे राहायला अयोग्य, ताबडतोब पाडण्याची. सी-2 अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-2 ब म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्त करता येईल अशी. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. थोडक्यात, अधिकार नाहीत असं मुळीच नाही.

मग दारावर कागदच का साठतात? कारण नोटीस डकवली, पंचनामा केला, फाइलला लावला की अधिकाऱ्याची मान सुटते. उद्या भिंत पडली तर चौकशीत पहिला प्रश्न येतो, "नोटीस दिली होती का?" दिली होती. इथे विषय संपतो. "नोटिशीनंतर काय केलंत?" हा प्रश्न उपविधीत लिहिलेलाच नसतो, म्हणून कोणी विचारत नाही. पावसाळ्यापूर्वी यादी वृत्तपत्रात जाते, पावसाळा संपला की फाइल कपाटात जाते.

दुसरी गोष्ट पत्त्याची. आपल्याकडे मालकाचं नाव दोन ठिकाणी असतं. नगर भूमापनच्या मिळकत पत्रिकेवर एक आणि पालिकेच्या करआकारणी नोंदवहीत एक. दोन्ही जुळतीलच असं नाही, आणि वारसनोंद दोन्हीकडे रखडलेली असू शकते. बांधकाम विभाग आपल्याकडची जुनी यादी उघडून नोटीस काढतो. कराचं बिल मात्र कोणीतरी भरत असतो! भरणाऱ्याचा मोबाइल नंबर कर विभागाकडे असतो. दोन विभाग एकाच इमारतीत, एका जिन्याच्या अंतरावर. नोटीस कर भरणाऱ्यालाही गेलीच पाहिजे, एवढं एक वाक्य उपविधीत घालून घ्या. त्याने निम्मा फरक पडेल.

तिसरं, नोटिशीत कामाचा तपशील हवा. "इमारत दुरुस्त करावी" याला अर्थ नाही. "पिंपळ मुळासकट काढणे, पन्हळ बदलणे, रस्त्याकडेच्या कोपऱ्याला टेकू देणे, सैल विटा उतरवणे, 15 जूनपूर्वी" असं लिहिलं की मालकालाही खर्चाचा अंदाज येतो, आणि त्याने नाही केलं तर पालिकेलाही नेमकं तेवढंच काम करून घेता येतं. सगळा वाडा पाडायला पालिका धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण टेकू द्यायला काय अडचण आहे?

सनद

वकिली करते, त्यामुळे चौकटीबद्दल थोडं.

उपविधी हे मूळ अधिनियमाच्या पोटातले असतात. महासभेत मंजूर झाले तरी राज्य शासनाची मान्यता लागते, आणि अधिनियमाने दिला नसेल असा अधिकार उपविधी निर्माण करू शकत नाहीत. म्हणून सूचना लिहिताना "घर जप्त करा" वगैरे लिहू नका, ती पहिल्या फेरीत गळते.

मात्र एक तरतूद मूळ अधिनियमात आहेच आणि ती तुमच्या कामाची आहे. नोटिशीप्रमाणे काम केलं नाही तर आयुक्त ते काम करून घेऊ शकतात आणि खर्च त्या व्यक्तीकडून वसूल करता येतो. मालमत्ता कर तर मिळकतीवरचा पहिला बोजाच मानला जातो. दुरुस्तीचा खर्च याच वाटेने वसूल व्हावा अशी स्पष्ट कार्यपद्धती उपविधीत मागा. बोजा मिळकत पत्रिकेवर चढला की वारस आज भांडत बसले तरी हरकत नाही. ज्या दिवशी वाडा विकायचा किंवा विकसनाला द्यायचा, त्या दिवशी पालिकेचे पैसे आधी.

फौजदारी बाजूही बघून ठेवा. सार्वजनिक उपद्रवाला जुन्या भारतीय दंड विधानात कलम 290 खाली 200 रुपयांपर्यंत दंड होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम 270 मध्ये व्याख्या आणि 292 मध्ये शिक्षा आहे, दंड 1000 रुपयांपर्यंत. म्हणजे इथेही फक्त आकडा बदलला. खरं हत्यार आहे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133. त्याखाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव काढून टाकण्याचा सशर्त आदेश देऊ शकतो. पडायला आलेली इमारत आणि पडायला आलेलं झाड यांचा त्यात थेट उल्लेख आहे.

याच कलम 133 वर 1980 चा रतलाम नगरपालिकेचा निकाल आहे. रस्त्याकडेची उघडी गटारं, तुंबलेली घाण, शौचालयं नाहीत, आणि नगरपालिका म्हणत होती आमच्याकडे पैसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते कारण मान्य केलं नाही. सार्वजनिक आरोग्याचं वैधानिक कर्तव्य पैशांची अडचण सांगून टाळता येणार नाही, हा त्याचा गाभा. तुमच्या पालिकेने "निधी नाही" म्हटलं की हा निकाल पुढे करा.

माजघर

मी दुसरी बाजू मांडते. रागावू नका, पण मांडायलाच हवी.

आम्ही वाड्यातले भाडेकरू, आजेसासऱ्यांच्या काळापासूनचे. तुम्ही लोक 'धोकादायक' हा शब्द फार सहज वापरता. आमच्यासाठी तो शब्द म्हणजे बेघर होण्याची चिठ्ठी असते. दुरुस्ती मुद्दाम थांबवायची, कौलं फुटू द्यायची, आणि मग मालकानेच पालिकेत अर्ज करायचा की इमारत धोकादायक झाली आहे, हे आम्ही शेजारच्या वाड्यात बघितलंय. इमारत उतरवली, भाडेकरू नातेवाइकांकडे पांगले, आणि मोकळ्या जागेवर पत्रे लागले.

भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने नाही केलं तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा. ऐकायला चांगलं वाटतं. पण वर्षाला कापता येते भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच रक्कम. जुन्या वाड्यात कोणाचं भाडं महिना 60 रुपये असेल तर वर्षाचे 720 झाले. त्याचा चौथा हिस्सा 180 रुपये. त्यात पन्हळीचा पत्राही येत नाही, गवंड्याची हजेरी तर सोडाच. आणि मालकाचीही बाजू आहे, 60 रुपयांत तो तरी तुळया कशा बदलणार? दोघांचेही हात बांधलेले आणि घर पडत राहतं.

म्हणून माझी एकच मागणी लिहा. रिकामी करण्याच्या आदेशाबरोबर त्याच कागदावर प्रत्येक भाडेकरूचं नाव, त्याच्या ताब्यातलं चटई क्षेत्र आणि मजला नोंदवून त्याची सही घेतलेली प्रत त्याला मिळावी. इमारत गेली तरी हक्काचा पुरावा राहिला पाहिजे. आणि दुरुस्त होऊ शकणारी इमारत सी-1 मध्ये ढकलली जात असेल तर दुसऱ्या, स्वतंत्र अभियंत्याकडून तपासून घेण्याचा हक्क भाडेकरूलाही असावा, फक्त मालकाला नव्हे.

ओसरी

माजघर, रागावण्याचा प्रश्नच नाही. आमच्या शेजारचा वाडा बंद असल्यामुळे ही बाजू माझ्या मनात आली नव्हती. तुमची मागणी जशीच्या तशी घेते.

निवृत्त कनिष्ठ अभियंता

भाडेकरूंची यादी आणि मोजमापं घेण्याची पद्धत आहे, पण ती पाडकामाच्या आदल्या दिवशी घाईत होते. आधीच, पाहणीच्या वेळी व्हावी. माजघर यांना दुजोरा.

गिरगावचा

मुंबईचा अनुभव दोन बाबतींत सांगण्यासारखा आहे.

आधी दुरुस्तीबद्दल. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या चाळींना 'उपकरप्राप्त' म्हणतात. 1969 च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ झालं, नंतर ते म्हाडाखाली आलं. रहिवाशांकडून दुरुस्ती उपकर घ्यायचा आणि मंडळाने इमारतींची दुरुस्ती करायची. सुरुवातीला अशा इमारती 19 हजारांवर होत्या. मंडळाच्या कामाबद्दल तक्रारी डोंगराएवढ्या आहेत, संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, पिढ्या गेल्यात. पण निदान एक निधी आहे, एक कार्यालय आहे, जिथे जाऊन "आमच्या जिन्याला टेकू द्या" म्हणता येतं आणि टेकू लागतोसुद्धा. ही सोय फक्त मुंबई शहराला. उपनगरांना नाही, आणि पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूरच्या वाड्यांना तर नाहीच. तुमच्या सूचनेत एक लहानसा फिरता निधी मागा, म्हणजे खर्चलेले पैसे वसूल होऊन परत त्यातच येतील असा. दंडातून जे येईल ते सर्वसाधारण तिजोरीत न जाता याच निधीत जावं.

आता दंडाबद्दल. मुंबईचे स्वच्छता उपविधी 2006 चे. कचरा टाकला, थुंकलं, 200 रुपये. एप्रिल 2025 मध्ये नवा मसुदा आला. त्यात कचरा टाकण्याचा दंड 500 प्रस्तावित होता, आणि घरांवर कचरा संकलनाचं वापरशुल्क, 50 चौरस मीटरपर्यंत महिना 100, त्यापुढे 300 चौरस मीटरपर्यंत 500, त्याहून मोठ्या घराला 1000. लोकांचा सगळा रोष वापरशुल्कावर गेला आणि बाकीच्या मसुद्यावर कोणी बोललंच नाही. तुमच्याकडे तसं होऊ देऊ नका, एखाद्या शुल्काच्या भांडणात निगेचं दीड पान तसंच मंजूर होऊन जाईल.

आणि क्लीन-अप मार्शल, म्हणजे अस्वच्छतेबद्दल जागेवर दंड करणारी माणसं, नेमण्याचं कलम मसुद्यात असेल तर नीट वाचा. मुंबईत खासगी संस्थांमार्फत हे मार्शल नेमले, बंद केले, परत नेमले, आणि एप्रिल 2025 मध्ये पुन्हा सेवा थांबवली. तक्रार दर वेळी तीच, पावती न देता पैसे घेणं आणि नवख्या, गरीब माणसाला स्टेशनबाहेर गाठणं. वसुलीत ज्याचा वाटा आहे त्याच्या हातात दंडाचं पुस्तक देऊ नये, असं माझं ठाम मत.

पेठेतली

पुण्यात नोव्हेंबर 2018 मध्ये थुंकणाऱ्याकडून 150 रुपये दंडाबरोबर जागच्या जागी पुसूनही घेत होते. त्या दिवसांत आमच्या चौकातला कोपरा खरंच स्वच्छ राहिला. मोहीम थांबली, परत लाल झाला. 150 चे 1500 केले असते तरी तेच झालं असतं. रोज कोणीतरी उभं असणं, हाच फरक होता.

सातबारा

मी रिकाम्या प्लॉटचा मालक आहे. सध्या नोकरीनिमित्त बाहेरगावी. माझ्यासारख्यांना या धाग्यावर खलनायक ठरवलं जाण्याआधी ऐकून घ्या.

प्लॉटला तारेचं कुंपण केलं होतं, तार चोरीला गेली. फलक लावला, तो गेला. आजूबाजूच्या बंगल्यांची कामं निघाली की फुटक्या फरश्या, जुनी संडासची भांडी, प्लॅस्टरचे ढीग रातोरात माझ्या जागेत. गाजरगवत कंबरेएवढं वाढतं हे खरं. पण ढीग मी टाकलेला नाही, आणि नोटीस मला येते. घनकचरा नियमांत रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात कचरा टाकणाऱ्याला मनाई आहे. टाकणारा सोडून ज्याच्या जागेत टाकला त्याला धरायचं, हा कुठला न्याय?

ओसरी

तुमचा मुद्दा मान्य, अर्धा. टाकणाऱ्याला पकडलंच पाहिजे. त्यासाठी बांधकाम किंवा दुरुस्तीची परवानगी देतानाच राडारोडा कुठे टाकणार ते लिहून घ्यावं, वाहतुकीची पावती दाखवल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नये.

पण गवत आणि साचलेलं पाणी हे तुमच्याच जागेतलं. आमच्या कॉलनीतल्या एका प्लॉटवर नारळाच्या करवंट्या, फुटका कमोड, टायर, सगळ्यात पाणी. वाकून पाहिलं तर कमोडच्या भांड्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसत होत्या. शेजारच्या घरात डेंग्यूचे रुग्ण झाले. त्या घरातल्या माणसाला प्लॉटचा मालक कोण हे ठाऊकच नाही, तो दाद कोणाकडे मागणार?

सातबारा

त्याची तयारी आहे. मी लांब राहतो म्हणून स्थानिक जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर पालिकेकडे नोंदवायला सांगा, नोंदवेन. पावसाळ्यात दोनदा गवत काढायचे पैसे आगाऊ भरायची सोय द्या, भरेन. पालिकेनेच कापून घ्यावं आणि कराच्या बिलात लावावं. आज असं काही करायचं म्हटलं तर अर्जच उपलब्ध नाही. मला दंड नको, सेवा हवी, आणि तिचे पैसे द्यायला मी तयार आहे.

रानमेवा

न्यू जर्सीतून लिहितेय. सातबारा म्हणतात तशी पद्धत इथल्या बऱ्याच टाउनशिपमध्ये असते. गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं की नोटीस येते, मुदतीत कापलं नाही तर टाउनशिप माणूस पाठवून कापून घेते आणि खर्च घराच्या करावर चढतो. रस्ते नीटनेटके दिसतात त्याचं हे एक कारण.

पण तोटा सांगते. इथे बरंचसं शेजाऱ्याच्या तक्रारीवर चालतं. ज्याचं शेजाऱ्याशी पटत नाही, जो म्हातारा आहे, एकटा आहे, भाषा येत नाही, त्याच्याविरुद्ध तक्रारी जास्त. रंग उडालेल्या पायऱ्यांवरून नोटीस, मग विलंब शुल्क, मग घरावर बोजा. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर बाईंना घर विकताना कळलं की किती रक्कम साचली आहे. म्हणून वसुली कराला जोडताना वृद्ध आणि स्वतः राहणाऱ्या मालकाला वेगळं ठेवा.

नदीकाठ

रानमेवा यांच्या मुद्द्याला धरूनच लिहितो. मी वस्तीत काम करतो आणि 'निगा', 'विद्रूप', 'उपद्रव' हे शब्द मसुद्यात दिसले की मला काळजी वाटते. कारण त्यांची व्याख्या कोण करणार?

पडणारी भिंत, तुंबलेलं गटार, डासांची पैदास, जळणारा कचरा यांनी माणूस आजारी पडतो, मरतो. हा उपद्रव. प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं छप्पर, दारात वाळत घातलेले कपडे, खुराड्यातल्या चार कोंबड्या, भंगार वेचून आणलेल्या पोत्यांची वर्गवारी, याने कोणाच्या तरी नजरेला खुपतं एवढंच. पक्की भिंत ज्याला परवडत नाही त्याने दंड कुठून द्यायचा? ज्या बाई शहराचा कचरा वेगळा करतात त्यांच्या दारातलं पोतं 'अस्वच्छता' म्हणून उचलून नेल्याचं मी पाहिलंय. त्यांची दिवसाची कमाई होती ती.

मसुद्यात "परिसराच्या सौंदर्यास बाधा" असे शब्द असतील तर ते काढायलाच सांगा. धोका किंवा आरोग्य, या दोनच कसोट्या ठेवा. आणि भाड्याच्या किंवा झोपडीच्या घरात दुरुस्तीची नोटीस राहणाऱ्याला देऊ नका, देणार असाल तर साहित्याची मदतही द्या.

ओसरी

मसुद्यात नेमके तेच शब्द आहेत, निगेच्या त्या दीड पानातच. आत्ता परत उघडून पाहिलं. काढून टाकण्याची सूचना पहिल्या क्रमांकावर घेते.

गिरगावचा

अवांतर वाटेल, पण सौंदर्याचा विषय निघालाच आहे तर फ्लेक्सचं काय? भिंतीवर पोपडे आले म्हणून घरमालकाला नोटीस, आणि चौकात वाढदिवसाचे फलक दिमाखात. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा 1995 चा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयाचा जानेवारी 2017 चा सविस्तर निकाल आहे. तरी 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा सांगाडा कोसळला आणि 17 माणसं गेली. तोही निगेचाच प्रश्न होता. जाहिरातीच्या सांगाड्यांचं स्थैर्य प्रमाणपत्र दर वर्षी संकेतस्थळावर लावावं, हे घाला.

निवृत्त कनिष्ठ अभियंता

सांगाड्यांबरोबर सीमाभिंती घाला. हे सगळेच विसरतात. 265 अ खाली इमारतीचं ऑडिट होतं, पण माणसं भिंतीखाली मरतात. जून 2019 च्या अखेरीला कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, 15 जण गेले. त्यानंतर दोन-तीन दिवसांत मालाडला डोंगरउतारावरच्या वस्तीवर भिंत कोसळली, 30 हून अधिक माणसं गेली. आणि मालाडची भिंत कोणाची होती? महापालिकेच्याच जलाशयाची.

भिंतीला पाणी जायला छिद्रं ठेवतात. ती मातीने किंवा कोणीतरी सिमेंटने बुजवलेली असतात. पाऊस पडला की मागची माती पाणी पिते, फुगते आणि सगळा भार भिंतीवर येतो. छिद्रं मोकळी आहेत का हे बघायला अभियंता लागत नाही, एक सळई आणि दहा मिनिटं पुरतात. चार-पाच फुटांहून उंच आणि मागे भराव असलेली प्रत्येक भिंत, मग ती सोसायटीची असो, शाळेची असो की पालिकेची, मे महिन्यात तपासून नोंद व्हावी.

सनद

"पालिकेची" हा शब्द फार महत्त्वाचा. बहुतेक उपविधी 'मालक' म्हणताना पालिकेच्या स्वतःच्या मिळकतींबद्दल गप्प असतात. मंडईचे गाळे, बंद पडलेली शाळा, पाण्याची टाकी, कर्मचाऱ्यांच्या चाळी. सूचनेत स्पष्ट लिहा की पालिका आणि इतर शासकीय कार्यालयंही 'मालक' या व्याख्येत येतील आणि त्यांच्या मिळकतींची पाहणीही त्याच यादीत, त्याच वर्गवारीत प्रसिद्ध होईल.

ओसरी

सगळ्यांचं घेऊन मसुदा लिहिला, वाचून दुरुस्त्या सांगा.

"सौंदर्यास बाधा" हे शब्द वगळून फक्त सुरक्षितता आणि आरोग्य या कसोट्या ठेवाव्यात. 'मालक' या व्याख्येत महापालिका, शासकीय व निमशासकीय संस्था यांचा समावेश असावा. नोटीस मिळकत पत्रिकेवरील व्यक्तीबरोबरच कर भरणाऱ्या व्यक्तीला आणि प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही द्यावी. नोटिशीत करायच्या कामाचा तपशील, मुदत, आणि मुदतीनंतर महापालिका कोणत्या तारखेला स्वतः काम सुरू करेल ते अधिकाऱ्याच्या पदनामासह लिहावं. रस्त्याच्या किंवा शेजारच्या बाजूला धोका असेल तिथे टेकू देणं, सैल भाग उतरवणं, झाड मुळासकट काढणं ही कामं फिरत्या निधीतून व्हावीत आणि खर्च मालमत्ता कराबरोबर वसूल करून मिळकत पत्रिकेवर नोंदवावा. मालक स्वतः तिथे राहत असेल आणि त्याचं उत्पन्न कमी असेल तर वसुली विक्रीच्या किंवा विकसनाच्या वेळी, व्याजाशिवाय. भाडेकरूंची नोंद पाहणीच्या वेळीच. रिकाम्या भूखंडासाठी स्थानिक संपर्काची नोंद आणि गवत काढण्याची सशुल्क सेवा. सीमाभिंती आणि जाहिरातीचे सांगाडे यांची वार्षिक तपासणी. दंड वसूल करणाऱ्याला वसुलीत वाटा नसावा, आणि पावती मोबाइलवर यावी.

माजघर

"भाडेकरूंची नोंद" एवढं पुरणार नाही. क्षेत्र, मजला आणि सही असलेली प्रत, हे तिन्ही लिहा. आणि दुसऱ्या अभियंत्याकडून फेरतपासणी राहून गेली.

ओसरी

घातलं, दोन्ही.

सनद

"व्याजाशिवाय" याला प्रशासन हरकत घेईल. "महासभा ठरवेल त्या सवलतीच्या दराने" असं लिहिलंत तर निदान चर्चेला राहील. शिवाय झाड काढण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, 1975 चा कायदा. भिंतीत उगवलेल्या पिंपळासाठी ती परवानगी बांधकाम विभागानेच घ्यावी, शेजाऱ्याला किंवा मालकाला हेलपाटे घालायला लावू नयेत, असं एक वाक्य जोडा. सूचना दोन प्रतींत द्या, आवक-जावक विभागाचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या, आणि सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे असं शेवटी लिहा. लिहिलं नाही तर बोलावतीलच असं नाही.

निवृत्त कनिष्ठ अभियंता

वाड्याचे फोटो जोडा, तारखेसह. फुगलेल्या कोपऱ्याचा फोटो काढताना शेजारी ओळंबा सोडून काढा म्हणजे झुकाव किती आहे ते दिसेल. गवंड्याकडे ओळंबा मिळेल. आणि पावसाळा संपेपर्यंत त्या बाजूने पोरांना चालू देऊ नका, समोरच्या कडेने जायला सांगा.

ओसरी

फोटो उद्या सकाळी काढते. गल्लीतल्या सह्या गोळा होत आहेत, सोमवारी देऊन येणार. सुनावणीची तारीख मिळाली की इथेच लिहीन. माजघर, सातबारा, तुमच्या शहरांतही असे मसुदे निघाले तर हाच मजकूर घ्या, बदल करून वापरा.